दारू पिते का, हे मला कोणी विचारलंच नाही

कल्याणच्या त्या हॉस्पिटलात मला भरती करून घेणारी डॉक्टर माझ्या पोरीच्या, लीनाच्याच वयाची असेल. बीपी विचारलं, शुगर विचारली, आधीची ऑपरेशनं विचारली, बाळंतपणं किती झाली तेही विचारलं. मग मान वर करून माझ्या नवऱ्याला म्हणाली, "काका, तुम्ही दारू, तंबाखू?"

बस्त्याव म्हणाला, सणासुदीला थोडी. तिने मान हलवली आणि पुढच्या पेशंटकडे गेली.

मी दीड फुटावर झोपलेले. साडी नीट, गळ्यात क्रूस, केसांना तेल. हात मी चादरीखाली मांड्यांमध्ये दाबून धरलेले, कारण ते कापायला लागले होते. पेशंट मी, पोटात खडे माझ्या, आणि दारूचं विचारलं नवऱ्याला! आणि खरं सांगते, तेव्हा मला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट वाटलं, सुटले बाबा.

त्या सुटण्यापायी मी मरायला टेकले होते, थोडक्यात वाचले. म्हणून हे लिहायला बसले आहे. माझ्यासारख्या कितीजणी आपापल्या चादरीखाली हात दाबून पडल्या असतील, देव जाणे.

*

आमचं गावठाण ठाण्यातलं, घोडबंदर रोडच्या आत. बाहेर तीस-तीस मजली टॉवर आणि आत आमची कौलारू घरं, दारात क्रूस. आम्ही इथले जुने ख्रिस्ती, पोर्तुगिजांच्या काळातले. भातशेती होती ती टॉवरखाली गेली. बस्त्याव कोलशेतला एका कारखान्यात होता, तो बंद पडल्यावर गोदामात लागला. लीना घोडबंदर रोडवरच एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. एकच पोरगी.

आमच्यात दारू लपवायची गोष्ट नाही, हे आधी समजून घ्या. लग्न असो, बाप्तिस्मा असो, टेबलावर बाटली येते आणि पाद्रीसुद्धा एक घोट घेतो. आणि बाप्तिस्म्याला खिमाड लागतंच. खिमाड म्हणजे दालचिनी, लवंग, गवती चहा आणि साखर पाण्यात उकळायची, त्यात दारू घालायची आणि कोमट असताना छोट्या पेल्यांतून द्यायचं. पाहुण्याने ते प्यायलं नाही तर बाळाला आशीर्वाद दिला नाही असं समजतात.

गावात खिमाड करावं ते पास्कू मावशीने. माझ्या सासूची ही धाकटी बहीण. तिने मला शिकवलं. ती म्हणायची, माप बघायचं नाय गो, जिभेला विचारायचं. साखर घातली की चव, दारू घातली की चव, उतरवताना चव, वाढायच्या आधी चव. मावशीचे गुडघे गेले तशी लोकं मला बोलवायला लागली. फिलूच्या हाताला चव हाय, म्हणायची. मला केवढा अभिमान वाटायचा.

मी कधी प्यायले नाही. मी चव घेतली. पिणारी बाई ती निराळी, तोंडाला वास येणारी, नवऱ्याशी भांडणारी. मी आपली चमच्याने चव घेणारी. पुढे चमच्याची वाटी झाली. मग बाप्तिस्मा नसतानाही घरात खिमाडाचं भांडं असायचं, सर्दी झाली, अंग दुखतं म्हणून. मग गवती चहा न् दालचिनी कशाला उगाच. सकाळी चहाच्या पेल्यात नुसती दारू, वर झाकण. कारखाना बंद पडला तेव्हापासून असेल, किंवा आई गेली तेव्हापासून. कारण शोधत बसले तर पोतंभर सापडतील, आणि एकही पुरेसं नाही.

लीनाला कळलं होतं. बस्त्यावलाही कळलं होतं. बस्त्याव गप बसणारा माणूस. तो पेला विसळून पालथा घालायचा, बस. एक चकार शब्द नाही. या माणसाच्या गप्प बसण्याचा मला किती राग यायचा आणि त्याच गप्प बसण्यावर मी किती वर्षं काढली!

*

मग पोटात कळ आली. उजव्या बाजूला, पाठीपर्यंत. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. ऑपरेशन करा म्हणाले. जवळचं हॉस्पिटल कार्ड घेईना, कल्याणचं एक घेतं म्हणून कळलं. कार्ड म्हणजे सरकारच्या आरोग्य योजनेचं, तुमच्याकडेही असेल. ते आम्ही काढून ठेवलेलं, पण वापरलेलं कधी नाही.

निघायच्या दिवशी सकाळी पास्कू मावशी काठी टेकत आली. स्वयंपाकघरात बस्त्यावला बाजूला घेतलं, पण मावशीचं बाजूला घेणं म्हणजे तिसऱ्या घरात ऐकू जाणार.

"दारूचा द काढू नको तिकडे," म्हणाली. "दारू पिते सांगितलंस तर कार्ड चालायचं नाय. हातात परत देतात. मग भर पैसे खिशातनं."

बस्त्याव म्हणाला, कोण सांगतंय. लीना म्हणाली की डॉक्टरला तरी सांगायला पाहिजे. मावशी तिच्या अंगावर खेकसली, तुमचं इंग्रजी शिक्षण ऑफिसात ठेवा. आमच्या गल्लीत सगळ्यांनाच हे माहीत होतं. अमक्याचं लिव्हर, तमक्याचा अपघात, दारूचं नाव निघालं आणि योजना गेली. कोणी स्वतः बघितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. मावशीला ते इतकं ठामपणे कुठून माहीत, हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नाही.

*

ऑपरेशनच्या आधी पोटाची सूज उतरायला हवी म्हणून मला ठेवून घेतलं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी घाम सुटला, एवढा की नर्सने चादर दोनदा बदलली. हात तर असे कापायचे की पाण्याचा ग्लास दातांवर आपटायचा. नर्स म्हणाली ताप दिसतोय. डॉक्टर म्हणाले आत पू झाला असेल. रक्त काढलं, पुन्हा सोनोग्राफी, अँटिबायोटिक बदलली. मी बस्त्यावकडे बघत होते, बस्त्याव खिडकीकडे.

मला कळत होतं काय होतंय ते? अर्धं. शरीर काय मागतंय ते कळत होतं. पण ते न मिळाल्याने माणूस मरू शकतो, हे मला स्वप्नातही माहीत नव्हतं. मला वाटायचं दारू पिऊन माणसं मरतात. सोडून मरतात हे कोणी सांगितलेलंच नाही.

मग दुपारी चादरीवर सुकट दिसली. सुकट म्हणजे सुकवलेली बारीक कोलंबी, आम्ही अंगणात वाळत घालतो ती. ती जिवंत झाली होती. चादरभर उड्या मारत होती, माझ्या बाहीत शिरत होती. मी झटकतेय, ओरडतेय, मांजर येईल, कोणी तरी झाका रे! बाहेर पॅसेजमध्ये लग्नाचा बँड वाजत होता आणि मला राग आला की नवरी आली तरी खिमाड तयार नाही. मी सलाईन उपसून उठले. मला खिमाड करायला जायचं होतं.

हे मला आठवतं. हसू येतं आता, पण लिहिताना अंगावर काटाही येतो. पुढचं लीनाने सांगितलं. दोन वॉर्डबॉयनी मला धरलं, हात पट्टीने खाटेला बांधले. वरच्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणत होते की इन्फेक्शन मेंदूकडे गेलं असावं, आयसीयूत हलवू, आणि आत्ताच पोट उघडावं लागेल. त्या अवस्थेत भूल दिली असती तर मी टेबलावरून उठले नसते, असं नंतर त्यांनीच सांगितलं.

बस्त्याव तिथेच उभा होता. बायकोला खाटेला बांधलंय आणि हा माणूस तोंड उघडत नाही. त्याला माहीत होतं. आणि तो कार्ड हातात धरून उभा होता.

लीना ऑफिसातून तशीच आली, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. दारातूनच तिने बघितलं. भेटीची वेळ, वॉर्ड माणसांनी भरलेला. ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

"माझी आई दारू पिते. रोज. कित्येक वर्षं."

हे वाक्य मला ऐकू आलं होतं. सुकट, बँड, सगळ्या गोंधळातून ते एवढं एक वाक्य लख्ख ऐकू आलं. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, हात सुटले तर हिच्या थोबाडीत देईन. पोटच्या पोरीने भर वॉर्डात माझी लाज काढली. तिने माझा जीव वाचवला होता आणि मी तिला शिव्या देत होते.

डॉक्टर बस्त्यावकडे वळले. आधी का नाही सांगितलं? बस्त्याव म्हणाला, योजना जाईल म्हणून.

"योजना कोणी काढून घेत नाही हो," डॉक्टर म्हणाले. "बाई मात्र हातची गेली असती."

*

औषध बदललं. झोपेचं इंजेक्शन, जीवनसत्त्वाची सलाईनं. दोनेक दिवसांत सुकट गेली, बँड थांबला. हाताला पट्टीचे वळ होते. मी शुद्धीवर आले आणि तीच तरुण डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसली. तिने आधी माफी मागितली. म्हणाली, मी तुम्हाला विचारायला हवं होतं, सवयीने काकांनाच विचारलं. तिचे डोळे भरले होते. मला कसंनुसं झालं, कारण तिची चूक मला फायद्याची वाटली होती.

मग तिने सांगितलं की हा आजार आहे. दारूवरचं अवलंबित्व, असा शब्द वापरला. बीपीसारखा, शुगरसारखा. औषध असतं, उपचार असतात, वॉर्ड असतो. माझ्या कानांवर विश्वास बसेना. आजार? माझ्या डोक्यात ते पाप होतं. कबुलीजबाबात पाद्र्याला सांगायचं, आणि तेही मी कधी सांगितलं नव्हतं. मी चव घेते, याचा कसला कबुलीजबाब!

लीना खाली योजनेच्या खिडकीवर जाऊन आली. खड्यांचं ऑपरेशन होणारच होतं, थोडं नंतर. दारू पिणाऱ्याचं कार्ड परत देतात असं कुठे आहे, म्हणून तिने विचारलं. खिडकीतली बाई हसली म्हणे. म्हणाली, तसं असतं तर अर्धा वॉर्ड रिकामा झाला असता. काय बसतं, काय नाही, ते आजार बघून ठरतं, विचारायला या, घरी बसून ठरवू नका. आणि दारूच्या उपचारासाठी तर ठाण्याला सरकारी हॉस्पिटलात वॉर्डच आहे, तिथे कार्डाचंही काम नाही.

लीनाने वर येऊन हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघं नवराबायको एकमेकांकडे बघत बसलो. जे लपवायला मी मरायला टेकले होते, ते लपवायचं कारणच नव्हतं. मला रडू आलं नाही. तोंडात मारल्यासारखी बसून राहिले. आजही कधी भांडी घासताना ते आठवतं आणि हात थांबतो.

*

कल्याणहून मी ठाण्याच्या त्या वॉर्डात भरती झाले. बायकांसाठी कोपऱ्यात चार खाटा, मध्ये हिरवा पडदा. बाकी सगळे पुरुष. पहिल्या दिवशी पडद्याच्या फटीतून ते आम्हाला बघत होते, बायकाही असतात होय, असं तोंड करून. मी एकाला म्हटलं, काय बघतोस, तुझी आई नाही मी. तो सटकला. नंतर तोच रोज मला पेपर आणून द्यायचा.

शेजारच्या खाटेवर डोंबिवलीच्या एक मास्तरीणबाई. शुद्ध बोलणाऱ्या, मूळच्या पुण्याकडच्या. त्यांना खोकल्याच्या औषधाची सवय लागली होती, बाटलीवर बाटली. मला म्हणाल्या, "मी कधी दारूला शिवले नाही हो." मी म्हटलं, मीही नाही, मी चव घेतली. दोघी इतक्या हसलो की नर्स ओरडली.

तिथला दिवस शाळेसारखा. सकाळी गोळ्या नर्ससमोर गिळायच्या, तोंड उघडून दाखवायचं. मग चहा. मग सगळ्यांनी गोल बसायचं आणि बोलायचं. पहिले काही दिवस मी फक्त नाव सांगितलं. बाकीचे आपलं घर कसं मोडलं ते सांगायचे आणि मी मनात म्हणायची, आपलं नाही बाई एवढं. एक दिवस समुपदेशनाच्या बाईंनी विचारलं, फिलूताई, चव घ्यायला सकाळी किती लवकर उठायचात? मी खरं ते सांगून टाकलं. सगळ्यांच्या आधी, पेला विसळायला वेळ मिळावा म्हणून. त्या दिवशी मी रडले, पोटातल्या कळेपेक्षा वाईट रडले.

बस्त्याव रोज यायचा. डब्यात आंबट आणायचा, म्हणजे मासळीचं कालवण, आणि काही न बोलता बसायचा. लीनाकडून कळलं की त्याने गावात सांगितलंय, फिलू ऑपरेशननंतर आरामाला बहिणीकडे डोंबिवलीला गेलीय. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा लपवाछपवी! मी त्याला म्हटलं, कालवण नको आणू, तोंड घेऊन ये. तो डबा उचलून गेला. दुसऱ्या दिवशी आला, डबा घेऊनच, आणि तोंड बंदच. एकदा फक्त म्हणाला, भीती वाटते गो. कसली, ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही.

पण चांगलंही होतं. एक पोक्त नर्स माझी वेणी घालून द्यायची, कारण हात वर धरले की कापायचे. मग एका सकाळी मी स्वतः सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात. ती सुई मी सगळ्या वॉर्डला दाखवत फिरले, पोरगी पास झाल्यासारखी. मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

घरी आले. पुढे कल्याणला जाऊन खड्यांचं ऑपरेशनही झालं, त्याच कार्डावर.

*

आणि मग बस्त्यावच्या पुतण्याला मुलगा झाला. बाप्तिस्मा ठरला.

जायचं की नाही यावर घरात दोन दिवस खल. समुपदेशनाच्या बाईंनी वॉर्डात बजावलं होतं, पहिलं वर्ष अशा ठिकाणी जाऊ नका. लीना म्हणाली नको. मी म्हटलं, चर्चमध्ये जाऊ, बाळाला बघू, जेवणाआधी निघू. असं ठरलं.

चर्चमधून सगळे घरी आले. मांडवात माणसं, स्वयंपाकघरात बायका. चुलीवर मोठं पातेलं, दालचिनीचा वास ओटीपर्यंत. बाळाला भेटायला मी आत गेले आणि त्या वासाने माझे पाय तिथेच थांबले. तोंडाला पाणी सुटलं, अगदी खरंच सुटलं. पास्कू मावशी पातेल्याजवळ स्टुलावर बसलेली. मला बघून तिचा चेहरा खुलला.

"आली गो आली. ये फिलू, चव बघ. तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

तिने पळी भरून पुढे केली. सगळ्या बायका माझ्याकडे बघतायत. पळीतून वाफ येतेय. डोंबिवलीहून आराम करून आलेली सून, तिला नाही म्हणायला कारणच नव्हतं. आणि हात, माझा हात, खोटं कशाला सांगू, थोडा वर उचलला गेला होता.

"ती नाय घेणार."

बस्त्याव दारात उभा होता. बायकांच्या स्वयंपाकघरात हा माणूस कधी पाऊल टाकत नाही.

"तिला दारूचा आजार हाय," तो म्हणाला. "डोंबिवलीला नव्हती ती. हॉस्पिटलात होती, दारूच्या वॉर्डात. मी खोटं सांगितलेलं. कल्याणला पण मी सांगितलं नाय, मरत होती ती माझ्यापायी."

एवढं सलग बोललेलं मी त्याला लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. कोणीतरी बाळाला उगाच थोपटायला लागलं. मावशीने पळी पातेल्यात ठेवली.

मी मागच्या दाराने बाहेर आले, नळावर. तोंड धुतलं. लाज वाटत होती, रागही आला होता, आणि त्या गप्प माणसाच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटत होतं, सगळं एकदम. मागे काठीचा आवाज आला. वाटलं, आली मावशी आता झाडायला. घराण्याचं नाव घालवलंस म्हणणार.

मावशी नळाच्या कठड्यावर बसली. मागे दार ओढून घेतलं होतं तिने.

"त्या वॉर्डात बायकांना घेतात?"

मला आधी कळलंच नाही ती कोणासाठी विचारतेय. म्हटलं, घेतात, चार खाटा आहेत.

"म्हाताऱ्यांना?"

तेव्हा मी तिच्या हाताकडे बघितलं. काठीवर एक हात आणि त्याच्यावर दुसरा, दाबून धरलेला. मी चादरीखाली धरायचे तसा. आयुष्यभर जिच्या जिभेचं ऐकलं, तिच्या हाताकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

"कार्ड लागतं का गो?" तिने विचारलं. "मी गेलेली एकदा हॉस्पिटलात. एकटीच, कोणाला न सांगता. गेटवरचा म्हणाला, दारूवाल्यांना कार्ड नाय चालत, घरी जा आजी. मी आली परत."

म्हणजे हे होतं आमच्या गल्लीला माहीत असलेलं सत्य. गेटवरच्या एका माणसाने म्हातारीला हाकलण्यासाठी टाकलेलं वाक्य. त्यावर ती इतकी वर्षं जगत होती आणि त्याच वाक्यावर मी मरणार होते.

मी तिचे दोन्ही हात धरले. थंडगार होते. म्हटलं, कार्ड नाही लागत. उद्या सकाळी चल, मी येते, बस्त्यावलाही घेऊ.

ती उठली नाही. लहान पोरीसारखी खालीच बघत होती.

"आणि डॉक्टरने विचारलंच नाय तर?"

"तुला नाही विचारणार मावशी," मी म्हटलं. "आपणच सांगायचं."